पुरतंय का गं?

आमच्या घरी रोज सकाळी दुधाची पावती येते.

बाबा दोन म्हशींची धार काढतात, कॅन मोटरसायकलला अडकवतात आणि डेअरीवर जातात. तिथं दूध मोजतात, फॅट तपासतात, आणि कागदाच्या छोट्या पट्टीवर सगळं छापून येतं. किती लिटर, किती फॅट, किती रुपये. लोहा तालुक्यातल्या आमच्या गावात अशा पट्ट्या बऱ्याच घरांच्या खिडकीत खोचलेल्या दिसतील. लहानपणापासून मला वाटत आलंय, की दुधाइतकी हिशेबी गोष्ट दुसरी नाही.

मग मी बाळंत झाले. त्या घरातलं एकच दूध असं होतं ज्याची पावती मिळत नव्हती.

सातव्या महिन्यात मी पुण्याहून माहेरी आले. मुलगी झाली ती मार्गशीर्षात, माळेगावच्या यात्रेच्या तोंडावर. आमच्याकडं यात्रा म्हणजे घरभर पाहुणे. खंडोबाचं दर्शन घ्यायचं, घोडे-गाढवं-बैलांचा बाजार बघायचा, आणि परत जाताना वाटेत आमच्याकडं चहाला टेकायचं. त्या वर्षी चहाबरोबर बाळंतीणही बघायची होती. दिवसभर जनावरांचे दात बघून आलेली माणसं माझ्या खोलीच्या दारात उभी राहायची, आणि प्रत्येकाच्या तोंडी तोच प्रश्न. पुरतंय का गं?

संध्याकाळ झाली की लेकरू रडायचं. तासभर, कधी दोन तास. प्यायचं, सोडायचं, परत रडायचं. मग सल्ले सुरू व्हायचे. "सारखं रडायलंय, दूध पुरत नसंल." "हळिवाची खीर दे तिला, डिंकाचे लाडू दे." "पातळ असंल दूध." सासूबाईंचा अहमदपूरहून रोज फोन यायचा. त्यांचा आवाज प्रेमाचाच असायचा, पण पहिलं वाक्य ठरलेलं. आज पोट भरलं का तिचं?

मी काय उत्तर देणार? मला खरंच माहीत नव्हतं.

माझ्या फोनमध्ये एक ॲप होतं. कोणत्या बाजूला किती मिनिटं पाजलं त्याची नोंद करायची, मग ते रंगीत आलेख काढून दाखवायचं. पाचवीच्या रात्री आईनं सटवाई पुजली. बाळाचं नशीब लिहायला ती येते म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवला. त्याच रात्री बाजेवर बसून मी ॲपमध्ये लिहीत होते, डावीकडं अठरा मिनिटं, उजवीकडं अकरा. सकाळी पाटावरचा कागद कोराच होता. माझा आलेख भरलेला होता, पण त्यातूनही मला काही कळत नव्हतं. मिनिटं म्हणजे दूध नव्हे. एखादं लेकरू दहा मिनिटांत पोटभर पितं, एखादं चाळीस मिनिटं नुसतं चोखत झोपतं.

बीएला माझा तत्त्वज्ञान विषय होता. त्याचा पुढं काही उपयोग होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, मलाही नाही. पण त्या दिवसांत रात्री तीन वाजता मला न्यायदर्शन आठवायला लागलं. माणसाला एखादी गोष्ट कळते ती कशी, यावर या मंडळींनी फार बारीक विचार केला आहे. ज्ञानाचे चार मार्ग ते सांगतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मी एकेक मार्ग लावून बघितला.

आधी प्रत्यक्ष. डोळ्यांनी दिसलं की प्रश्न मिटतो. बाटली पारदर्शक असते, तिच्यावर रेघा असतात. छाती पारदर्शक नसते. माझ्या भावानं यावर उपाय काढला आणि ऑनलाइन डिजिटल काटा मागवला. पाजण्याआधी बाळाचं वजन करायचं, पाजून झाल्यावर परत करायचं, फरक म्हणजे दूध. ही पद्धत खरी आहे. अशक्त बाळांसाठी दवाखान्यांत ती वापरतातही. पण मी तिचं काय केलं ते ऐका. पहिल्यांदा पंधरा ग्रॅम आलं आणि मी रडले. नंतर साठ आलं, मी नवऱ्याला फोटो पाठवला. मग पस्तीस. दोन दिवसांत अशी वेळ आली, की पाजताना माझं लक्ष बाळाच्या तोंडाकडं नसायचं, काट्याकडं असायचं. बाळ एका वेळी कमी पितं, दुसऱ्या वेळी जास्त. आपणही सगळ्या जेवणांत मोजून तीन भाकरी खात नाही. एका वेळच्या आकड्यावरून फार काही ठरत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा मार्ग अनुमानाचा. डोंगरावर धूर दिसला तर तिथं आग आहे असं आपण ओळखतो. आग दिसत नाही, तरी आपलं ज्ञान खरं असतं. पण न्यायवाले लगेच सावध करतात. धुक्याला धूर समजलात तर फसाल. आमच्या घरातले सगळे, मी धरून, धुक्याकडं बोट दाखवत होतो. रडणं हे धुकं होतं. तान्ही बाळं संध्याकाळी रडतात, पोट भरलेली बाळंही रडतात. पहिल्या काही आठवड्यांत हे रडणं वाढतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होतं. सारखं सारखं प्यायला मागणं हेही धुकं. दिवसाला आठ ते बारा वेळा पिणं ही या वयाची रीतच आहे. छाती मऊ लागणं, पंपानं थोडंसंच दूध निघणं, बाटली दिली की तीही पिणं, यातल्या कशावरूनही दूध कमी आहे असं सिद्ध होत नाही.

मग खरा धूर कोणता? तो आशाताईंनी दाखवला.

त्या सातव्या दिवशी आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशांनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ बघायचं असतं. मी बाजेवर रडवेली बसलेले. आई सांगायला लागली, "बाई, हिला दूधच कमी दिसायलंय." आशाताई आईला म्हणाल्या, "काकू, थांबा. आधी लंगोट दाखवा. दुधाचं मग बोलू."

मला हसूच आलं. पण त्या गंभीरपणे विचारत होत्या. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत किती वेळा शू केली? रंग कसा होता? शीचा रंग बदलला का? मला मिनिटं पाठ होती, लंगोट मोजले नव्हते. आईनं दोरीवरची दुपटी मोजून सांगितलं, आठ तरी असतील. शी काळी-हिरवी जाऊन पिवळी झाली होती. पिताना गिळल्याचा आवाज येतो का, हे त्यांनी शेजारी बसून स्वतः ऐकलं. मग झोळीच्या काट्याला बाळ लावलं. जन्मताना दोन किलो नऊशे, आता दोन किलो आठशे.

"शंभर ग्रॅम कमी!" मी म्हणाले.

"कमीच होतंय. पहिल्या दिवसांत सगळ्यांचंच उतरतंय. दोन आठवड्यांत भरून आलं पाहिजे. मी चौदाव्या दिवशी येते, तवर लंगोट मोज."

बस्स, एवढंच. जन्मानंतर बाळाचं वजन सात टक्क्यांपर्यंत उतरणं सर्रास होतं. दहा टक्क्यांच्या वर गेलं तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू, पिवळी शी, दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत, आणि पुढं दिवसाला साधारण वीस-तीस ग्रॅमची वाढ. आग दिसत नसली तरी धूर असा साधा, मोजता येणारा होता. आम्ही सगळे दूध आत किती जातंय ते शोधत होतो. त्या बाहेर काय येतंय ते बघत होत्या.

तिसरा मार्ग उपमानाचा, म्हणजे सारखेपणावरून ओळखणं. हा तर घराघरांत चालतो. "शेजारच्या पोराचं बघ कसं गुटगुटीत आहे." पण ज्याच्याशी तुलना करायची तेच चुकीचं निवडलं तर काय होतं, याचं एक मोठं उदाहरण आहे. अनेक दशकं जगभरच्या दवाखान्यांत बाळांच्या वाढीचे जे तक्ते वापरले जात होते, त्यातला तान्ह्या बाळांचा भाग अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका भागातल्या मुलांच्या वजनांवरून बनवला होता. त्यातली बरीचशी मुलं बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. आईच्या दुधावरची बाळं पहिले काही महिने छान वाढतात, मग त्यांचा वेग थोडा मंदावतो. त्या तक्त्यावर ही निरोगी बाळं मागं पडलेली दिसायची. मग आईला सांगितलं जायचं, दूध पुरत नाही, वरचं सुरू करा.

म्हणजे बाळ ठीक होतं, आईही ठीक होती. मोजपट्टीच चुकीची होती.

पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत आईच्या दुधावरच्या बाळांची मापं घेतली, आणि २००६ मध्ये नवे तक्ते आले. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. पोषण नीट असेल तर घाना असो की नॉर्वे, बाळं जवळजवळ सारखीच वाढतात असं त्यात दिसलं. पण मधल्या वर्षांत किती आयांना उगाच नापास केलं गेलं, त्याचा हिशेब कुठं मिळणार?

चौथा मार्ग शब्दाचा. विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून कळणं. अशा माणसाला न्यायदर्शनात 'आप्त' म्हणतात. ज्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगतो, तो आप्त. मराठीत आपण आप्त म्हणतो ते नातेवाइकांना. माझी सगळी गडबड या दोन अर्थांच्या मध्ये झाली होती. घर आप्तांनी भरलेलं होतं, पण ठाऊक असलेली आप्त एकच होती. ती कुणाचीच नातेवाईक नव्हती, आणि खांद्याला काटा अडकवून आली होती.

तो काटा आशाताईंच्या खांद्यापर्यंत आला कसा, हेही सांगण्यासारखं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, धोक्याची चिन्हं ओळखणं शिकवलं. ज्या ३९ गावांत हे काम झालं तिथं नवजात बाळांचं मृत्यूचं प्रमाण तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं, आणि २०११ मध्ये सरकारनं घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आशांकडं दिला. ठाऊक असलेलं माणूस दारापर्यंत पोचलं की बाळं वाचतात, इतका साधा याचा अर्थ आहे.

पण सातव्या दिवसानंतरही मी लगेच निर्धास्त झाले नाही. नवऱ्यानं पावडरचा डबा आणला होता. "वापरायचाच असं नाही, सेफ्टी म्हणून." डबा फडताळात दिसायचा. त्याच्यावर आईचं दूध सर्वोत्तम असं छापलेलं होतं. १९९२ च्या कायद्यानं ते छापावंच लागतं, आणि पावडरची जाहिरातही त्याच कायद्यानं बंद आहे. तरी तो डबा मला बोलवायचा. कारण त्यात चमचा होता, माप होतं, इतक्या पाण्यात इतके चमचे असा तक्ता होता. डबा पावती देत होता.

गोम अशी की दूध मागणीवर बनतं. बाळ जितकं ओढेल तितकं शरीर बनवतं. एक बाटली पाजली की बाळ झोपतं, पुढचं पिणं टळतं, शरीराला वाटतं गरज कमी आहे, आणि दूध खरंच कमी होतं. मग म्हणायचं, बघा, आम्ही म्हणतच होतो. संशयाची ही वाईट खोड आहे. तो स्वतःला खरं करून दाखवतो.

मला यातून बाहेर काढलं ते बाबांनी. आता आमच्याकडं बाप लेकीशी अशा विषयावर बोलत नसतो. बाबा खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि गोठ्याकडं बघत आईला म्हणाले, "म्हैस बुजली की पान्हा चोरती. दूध असतंय, पण सोडत नाही. धारंच्या वेळी चार माणसं भोवती उभी राहिली तर कशी सोडंल?" आणि त्यांनी ओसरीवरचे पाहुणे उठवून मळ्यात नेले, ऊस दाखवायला.

म्हशीशी तुलना झाली म्हणून मी आधी चिडले. मग वाचलं, की त्यांचं म्हणणं शरीरशास्त्राला धरून होतं. भीतीनं, ताणानं, लाजेनं पान्हा सुटायला वेळ लागतो. दूध आत असतं, उतरत नाही. म्हणजे दारात उभं राहून "पुरतंय का?" विचारणं ही नुसती चौकशी नव्हती. त्या प्रश्नाचा दुधावर परिणाम होत होता.

इथवर आले तेव्हा मला वाटलं, निष्कर्ष सोपा आहे. आईवर विश्वास ठेवा, शंका घेऊ नका. हे मी आजीला बोलूनही दाखवलं. मला वाटलं ती मान डोलावेल. आजीनं बहात्तरच्या दुष्काळात बाबांना अंगावर घेऊन खडी फोडली आहे. झाडाला झोळी, कामावर मिळणारी सुकडी, आणि मध्येच उठून पाजणं. "आमच्या येळी कोण मोजायलं होतं?" हे तिचं नेहमीचं वाक्य.

त्या दिवशी ती ते म्हणाली नाही. म्हणाली, "तुझ्या बापाच्या आधी एक झालं होतं. आठ दिवसांचं होऊन गेलं. लई शांत होतं. रडायचंच नाही. सगळे म्हणायचे, गुणी लेकरू हाय. निजून ऱ्हायचं. मीबी म्हणायची, निजू दे."

मग बराच वेळ गप्प बसून, "सासू म्हणली, हिचं दूधच लागलं नाही लेकराला."

पन्नासहून जास्त वर्षं झाली. ते बाळ का गेलं ते आता कुणालाच कळणार नाही. जंतुसंसर्ग असेल, दिवस भरायच्या आत झालेलं असेल, किंवा खरंच दूध पोचलं नसेल. पण एक गोष्ट मला माहीत होती. ज्याला दूध पोचत नाही ते बाळ नेहमी आकांत करतंच असं नाही. ताकद कमी झाली की ते गप्प होतं, झोपून राहतं, उठवलं तरी नीट ओढत नाही. पाचव्या दिवसानंतरही शी काळीच, शू अगदी कमी किंवा विटकरी डाग, टाळू खोल गेलेली, आणि ही शांतता. असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. तेव्हा वरचं दूध लागलं तर ते औषध असतं, आईचा पराभव नसतो. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी सुरू केली ती अशाच बाळांसाठी. ती आशियातली पहिली. एका आईचं कमी पडलं तर दुसरीचं, यात लाजण्यासारखं काय आहे?

आजीच्या घरात कुणी शंका घेतली नाही. लंगोट मोजले नाहीत, वजन केलं नाही, उठवून पाजलं नाही. आणि बाळ गेल्यावर मात्र संशय घेतला. तो संशय आजी आजवर बाळगून आहे.

तेव्हा मला एक फरक कळला. शंका आणि संशय हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. मी आता ते वेगळे ठेवते. शंका बाळाकडं बघते. किती वेळा शू झाली, वजन किती, जागं आहे का, असं विचारते आणि उत्तर मिळालं की थांबते. संशय आईकडं बघतो. त्याला उत्तर नको असतं, कारण त्यानं आधीच ठरवलेलं असतं. शंका न घेणं हा निष्काळजीपणा आहे. संशय घेणं हा अन्याय आहे. आपल्याकडं बहुतेक वेळा पहिली राहून जाते आणि दुसरा मात्र न चुकता घेतला जातो.

आणखी एक गोष्ट. मी हे सगळं लिहू शकते, कारण मला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, जी २०१७ च्या दुरुस्तीनं मिळाली. तान्हं घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला अशी रजा नाही. तिचं लेकरू फडाच्या कडेला झोळीत असतं आणि कोयता थांबवून पाजायला किती वेळ मिळेल ते ती ठरवत नाही. तिच्याबाबतीत "पुरतंय का?" हा प्रश्न तिच्या छातीला विचारून चालणार नाही. तो मुकादमाला, कारखान्याला आणि आपल्याला विचारावा लागेल. आईला विश्रांती पुरते का? जेवण पुरतं का? वेळ पुरतो का?

चौदाव्या दिवशी आशाताई आल्या. झोळीत मुलगी पाय झाडत होती, काटा स्थिर होत नव्हता. शेवटी झाला. दोन किलो नऊशे पन्नास. आशाताईंनी कार्डावर आकडा लिहिला. ती माझी पहिली पावती. मी तिचा फोटो काढला नाही. ॲपही त्याच संध्याकाळी काढून टाकलं, काटा मात्र ठेवला. पंधरा दिवसांतून एकदा वजन करायला तो बरा आहे.

त्या रात्री लेकरू परत रडायला लागलं, ठरल्या वेळी. मी उठून बसले. बाजूला आजी जागी होती. मला वाटलं, आता ती विचारणार.

तिनं विचारलं, "आज किती दुपटी ओली झाली गं?"

"नऊ," मी म्हणाले.

"मग रडू दे थोडं," आजी म्हणाली. "आन इकडं दे. मी घेते."